चौथा परसेल आणि एक खुळखुळा

हेगला जायचं ठरलं ते लिफ्टमध्ये. आइंडहोव्हनला पोराकडं आलो की मला दोनच उद्योग असतात, नातीला शाळेत सोडणं आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला "गुड मॉर्निंग" म्हणणं. पाचव्या मजल्यावरच्या सुखदेईबाई अशाच भेटल्या. वय चौऱ्याहत्तर, जन्म सुरीनामचा, पन्नास वर्षं इथं. आजा-आजी बिहारकडून करारावर ऊस तोडायला गेलेले. बोलतात ती भोजपुरीची मावसबहीण. मी उत्तर देतो साताऱ्याच्या हिंदीत. (त्यांचं बोलणं माझ्या कानाला आलं तसं लिहितोय, जाणकारांनी कान पकडू नये.)

"भैया, तू जमीन नापत रहा?" त्यांनी विचारलं.

हो म्हणालो. भूमी अभिलेख खात्यात तीस वर्षं साखळी ओढली. साहेब सावलीत बसून वही भरायचे, मी उन्हात साखळी धरून बांधावर. नकाशा वाचायला कुणी शिकवलं नाही. त्यांच्या खांद्यावरून बघत बघत शिकलो.

मग बाईंनी सगळं सांगितलं. आजाचा करार संपल्यावर सरकारनं एक बंद पडलेला उसाचा मळा तुकडे पाडून या लोकांना कसायला दिला. त्यातला एक तुकडा आजाचा. बाईंच्या आईची नाळ तिथंच पुरलेली. आई मरताना म्हणाली, एकदा जाऊन तिथं दिवा लाव. पत्ता एवढाच, "मुंह से चौथा परसेल." परसेल म्हणजे जमिनीचा तुकडा. तिकडच्या भाच्यानं रस्त्याकडून चार तुकडे मोजले आणि फोटो पाठवला. फोटोत कुणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं!

"माई बोले रहा नदी के हवा लगे है. हियाँ नदी कहाँ?" बाई म्हणाल्या. पुढच्या महिन्याचं तिकीट हातात होतं. डॉक्टरांनी गुडघे आणि हृदय दोन्ही बघून एकच प्रवास मंजूर केलेला. चुकीच्या जागी दिवा लागला, तर दुसरी खेप नाही. सुरीनामवर पूर्वी डचांचं राज्य, तेव्हा मळ्याचे जुने कागद हेगच्या सरकारी अभिलेखागारात, ते दोघांनी जाऊन बघायचं असं तिथंच ठरलं.

घरी सांगितलं तर अभि, म्हणजे आमचे चिरंजीव, लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाले, "बाबा, तुम्हाला डच वाचता येतं?"

"नाही."

"आँटींना नकाशा वाचता येतो?"

"नाही."

"मग करणार काय तिथं?"

"दोघांत मिळून एक माणूस होतो की रे!"

सौभाग्यवतींनी मेथीचे ठेपले बांधून दिले आणि म्हणाल्या, "तिथं कुणाच्या बांधावर भांडण लावून येऊ नका म्हणजे झालं."

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. गाडी सकाळी नऊनंतरची धरा, सवलतीचं कार्ड असेल तर तिकीट बरंच उतरतं. आइंडहोव्हनहून थेट गाडी मिळते, साधारण दीड तास. ब्रेडाच्या आसपास खिडकीतून नुसती गोदामं दिसतात, त्या वेळात ठेपले उरकून घ्यावेत. पुढं सगळं सपाट रान, आखीव चर, चरात पाणी, पाण्याकडेला गाय. मोजणी करणाऱ्याच्या डोळ्याला असला देश म्हणजे सणच. एक बांध वाकडा नाही! आमच्या तालुक्यात असं असतं तर माझी नोकरीच गेली असती.

अभिलेखागार हेगच्या मुख्य स्टेशनाला खेटून आहे, चालायचे कष्ट नाहीत. वाचायचा पास काढायला पासपोर्ट लागतो. कागद आधी मागवून ठेवावे लागतात, ते बाईंनी घरूनच केलं होतं. कोट, पिशवी, पाण्याची बाटली सगळं कपाटात कोंबायचं. मी कानावर पेन अडकवून आत निघालो, तर काउंटरवरच्या उंच बाईनं बोट दाखवलं.

"ओन्ली पेन्सिल, सर."

"व्हाय?"

"पेपर इज ओल्ड."

"आय ऑल्सो ओल्ड," मी म्हणालो. ती हसली, पण पेन काढून घेतलंच.

पहिला कागद आला तो मळ्याच्या मूळ सनदेचा, बाई वाचून अर्थ सांगत होत्या. इथं मला जरा तोंड सोडू द्या. कुणा एका गव्हर्नरानं कुणा एका गोऱ्या गृहस्थाला जंगल बहाल केलंय. नदीला लागून इतक्या साखळ्या रुंद, आत इतक्या साखळ्या खोल. जंगल जणू याच्या आजोळाकडून आलेलं! तिथं आधीपासून राहणाऱ्यांना विचारल्याची एक ओळ नाही. आणि मळ्याचं नाव काय, तर 'क्लाइन खेदुल्ट'. बाईंनी अर्थ सांगितला, "थोडासा धीर". त्यांच्या घरात त्याचं 'कलंगदू' झालेलं. फुकटात जमीन मिळाली आणि धीर म्हणे थोडासाच.

पण साखळी हा शब्द ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. डचमध्ये 'केटिंग', अर्थ तोच, लोखंडी साखळीच. लांबी आमच्या तेहतीस फुटीच्या दुपटीहून थोडी जास्त. साता समुद्रापलीकडं आपल्या धंद्यातलं कुणी भेटावं तसं झालं.

त्याच गठ्ठ्यात मळ्याच्या मालमत्तेची एक जुनी यादी होती. बाई एकेक ओळ सांगत होत्या. कढया, खेचरं, मग माणसांची नावं, मग पुन्हा होड्या. बाई मध्येच थांबल्या. "आजी बोले रहा, नहर हमलोग ना खोदा. हमसे पहिले वाला लोग खोदा. ई वही लोग है." नहर म्हणजे मळ्याचा कालवा, आणि तो खोदणारी ही आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं, कढई आणि होडी यांच्या मधोमध मांडलेली. बाईंनी ती सगळी नावं हळू आवाजात वाचून काढली. काउंटरवरच्या बाईनंही "श्श" केलं नाही.

मग आली आमची यादी, तुकडे कुणाकुणाला दिले त्याची. बाईंच्या आजाचं नाव रामलाल. त्यांनी वरून खाली बोट फिरवलं, खालून वर फिरवलं. रामलाल नाही. चौथ्या नंबरासमोर बोट थबकलं आणि चेहरा पडला.

"ई तो कौनो बाकरा है."

"बकरा?" मी उडालोच. "जमीन बोकडाच्या नावावर?"

बाई एवढ्या उदास होत्या तरी हसू फुटलंच. बाकरा म्हणजे त्यांच्या बोलीत गोरा माणूस. चौथा तुकडा कुणा गोऱ्याच्या नावावर होता, आणि त्याचं नाव तरी कसलं, 'राम्मेलार'! डचमध्ये याचा अर्थ लहान पोरांचा खुळखुळा.

"माई झूठ बोले रहा का, भैया?"

मी म्हणालो, "पहले खाना."

हेगमध्ये सुरीनामी खानावळी पावलोपावली आहेत. दोघांचं पोट भरून स्टेशनातल्या दोन सँडविचांइतकाच खर्च येतो. रोटी मागवा. आत भरडलेल्या डाळीचं सारण, बरोबर बटाटा, चवळीच्या शेंगा आणि अंडं. आपल्या वड्याच्या भावकीतला एक पदार्थ मिळतो, त्याला म्हणतात बारा. मी "एक बारा" म्हणालो आणि पोरगी बारा वडे घेऊन येते की काय म्हणून घाबरून बसलो. एकच आला. झकास होता, वरची चटणी मात्र डोळ्यांतून पाणी काढते.

बाई काही खाईनात. मी त्यांनी उतरवून आणलेला कागद समोर ओढला. मला डच येत नाही, त्यामुळं मी अक्षर अक्षर जोडून वाचतो, गावाकडं एसटीची पाटी वाचायचो तसं. "रा...म्मे...ला...र. राम्मेलार. रामलार." घासासकट थांबलो. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं म्हटलं. शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

"बाई, ये बकरा नहीं! ये तुम्हारा आजा है!"

बाईंना डच येतं हीच अडचण झाली होती. त्यांना खुळखुळा दिसला आणि त्यापुढं नाव दिसलंच नाही. समोर उभ्या आजानं सांगितलं असणार 'रामलाल', आणि कारकुनानं कानाला आलं ते ठोकून दिलं. आमच्याकडच्या कारकुनांनी काय कमी दिवे लावलेत? गणपतचा गणपती करून एका देवाला मी सातबारावर जमीन कसताना पाहिलंय.

बाई आधी हसल्या. मग डोळे पुसले, चटणीचा बहाणा करून. "आजा झुनझुना!" म्हणाल्या आणि थंड झालेली रोटी सगळी खाल्ली.

दुपारी नकाशा आला. आता प्रश्न उरला होता एकच, मोजायचं कुठून? माझ्या धंद्यात पहिला सवाल हाच असतो, साखळीचं पहिलं टोक कुठं टेकलं. सनदेत रुंदी नदीला धरून दिलेली. त्या काळी रस्ता होताच कुठं? मोजणारा आला होडीतून, माणसं आली होडीतून, ऊस गेला होडीतून. जमिनीचं तोंड नदीकडं. रस्ता पुढं कधीतरी आला, तो पाठीमागून. भाच्यानं जमीन पाठीकडून मोजली होती! नकाशावर बोट ठेवलं, एक नंबर पाण्याला लागूनच. दोन, तीन, चार.

"मुंह से चौथा," बाई म्हणाल्या, आणि माझा हात एवढा घट्ट धरला की पेन्सिल मोडली. काउंटरवरच्या बाईनं दुसरी आणून दिली.

परतीच्या गाडीत बाईंनी भाच्याला फोन लावला. अर्धी भाषा कळली नाही, पण खुराड्याच्या मालकाची माफी मागायला सांगत होत्या एवढं कळलं. भाच्यानं मागच्या दिवाळीला तिथं अगरबत्ती लावली होती म्हणे.

घरी आल्यावर मी कपडे वाळत घालायच्या दोरीचं नवं कोरं बंडल उचललं, मोजपट्टीनं एक डच साखळी मोजली आणि कापली. एक तुकडा पाच साखळ्या रुंद, म्हणजे नदीपासून पंधरा साखळ्या गेल्या की चौथा सुरू. बाईंना दोरी कशी ताणायची ते बिल्डिंगखालच्या सायकलींच्या रांगेत शिकवलं. सौभाग्यवती वरून ओरडल्या, "ती दोरी माझी आहे हो!" आख्ख्या इमारतीत एवढ्या मोठ्यानं फक्त मराठीच बोलली जाते.

बाई जाऊन आल्या. तिथं काही नाही म्हणाल्या, गुडघाभर गवत आणि एक गाय. पण वारा नदीचा होता. दिवा तीनदा विझला, चौथ्यांदा राहिला. एक दिवा त्यांनी नहराच्या काठावरही लावला, खोदणाऱ्यांसाठी.

मला हेगहून आणलेलं काही दाखवता येणार नाही, पेनसुद्धा तिथंच विसरलो. डच शिकायचं तेवढं लांबणीवर टाकलंय, अडाणीपणाचा एवढा उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच झाला. बाईंनी दोरी परत आणून दिली, तांबड्या चिखलानं माखलेली. मला वाटलं, आता दोरीवरून घरातच बांधाचं भांडण निघणार. पण हिनं ती हातात घेतली, जरा वेळ बघितली आणि तशीच न धुता बाल्कनीत एका खिळ्याला टांगली. तिच्यावर कपडे घालायचे नाहीत, असा हुकूम आहे. तेव्हा सध्या आमच्याकडं दोरी कमी आणि मी दोन शर्टांवर भागवतोय.