दरेकशाचं आरमार

माझ्या चुलत सासऱ्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण समुद्राविषयी त्यांच्याइतकं ठासून बोलणारा माणूस मला आजतागायत भेटलेला नाही. "आपला तलाव हाये ना, जवाईबापू? त्याच्यात पल्याड दिसते. समुद्रात पल्याड दिसत नाई. बस, इतकाच फरक." मी गोंदियाच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे. ही व्याख्या मला कुठल्या क्रमिक पुस्तकात सापडली नाही आणि खरं सांगायचं तर याहून चांगली मलाही कधी करता आली नाही.

त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो. माझ्या बायकोची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून ती गोंदियाजवळच्या दरेकशाला या काकाजी-काकीजींच्या घरीच वाढली. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझी खरी सासुरवाडी म्हणजे तेच घर. काकाजींनी जंगलखात्यात नाकेदारी केली होती. नाक्यावर उभं राहायचं आणि लाकडांनी भरलेल्या गाड्या तपासायच्या, यात त्यांची सारी उमर गेली. नोकरी सुटली तरी हाताची सवय सुटली नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीवर टकटक करत, मग खाटेच्या पायावर, मग झोपाळा असला तर झोपाळ्यावर, आणि त्यानंतर माणसांची विचारपूस. आमचं लग्न ठरवायला ते नागपूरला आमच्या घरी आले, तेव्हा मला एक प्रश्न विचारला नाही. मी बसलो होतो तो पाट माझ्याखालून काढून घेतला, उलटा करून हुंगला आणि परत दिला. घरी जाऊन त्यांनी जो निकाल सांगितला तो मला लग्नानंतर कळला: "पाट आंब्याचा हाये, पोरगा बरा वाटते."

तर अशा या माणसानं वयाच्या साठीत शिडांचं लढाऊ जहाज बांधायला घेतलं, आणि त्याला कारण झालं सरकार. छप्पन सालच्या दिवाळीच्या सुमारास राज्यांची नवी मांडणी झाली आणि आम्ही मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसलो. गोंदियात याच्यावर पानठेल्यापानठेल्यावर वाद चालले होते. काय मिळालं, काय गेलं, कचेऱ्या कुठं राहणार. आम्ही दिवाळीला दरेकशाला गेलो तेव्हा काकाजी ओसरीवर वाटच पाहत होते. मला हातपायही धुऊ न देता ते म्हणाले, "आता समुद्र आपला झाला, मालूम हाये ना? अन् आपल्या इकडं कोणाजवळ एक जहाज नाई. बरं दिसते का हे?"

बरं दिसत नाही, असं मी म्हणालो. जावयानं दुसरं काय म्हणायचं! पण माझ्या त्या तीन शब्दांवर पुढची दोन वर्षं उभी राहिली. नमुना म्हणून त्यांच्यापाशी गोंदियाच्या कुणा विडीवाल्यानं वाटलेलं एक जुनं कॅलेंडर होतं. त्यावर तीन डोलकाठ्यांचं, तोफांचं गलबत छापलेलं होतं. अडचण अशी की चित्रात जहाजाची एकच बाजू दिसत होती आणि मागचा भाग तारखांच्या चौकोनाखाली झाकला गेला होता. मी गेलो की काकाजी मला त्या कॅलेंडरसमोर उभं करत.

"दुसऱ्या बाजूनं तोफा असतेत का नाई?"

"असतील, काकाजी."

"असतील म्हणून चालत नाई नं, बापू! दुश्मन त्या बाजूनं आला तं त्याले काय सांगाचं? बावा, इकडून ये, म्हणून?"

शेवटी त्यांनी दोन्ही बाजूंना तोफा बसवल्या. तोफा तेंदूच्या गाभ्याच्या. तो काळा कुळकुळीत गाभा घासला की लोखंडासारखा दिसतो. सांगाडा बीजाच्या टणक लाकडाचा, बाहेरच्या फळ्या सागाच्या, दोर अंबाडीचे, आणि फटी बुजवायला राळ. जहाज चांगलं चार हात लांब झालं. झाकलेल्या मागच्या भागाचं काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा काकाजींनी तिथं आपल्या घरासारखी ओसरी काढली, खाली पोटात धानाची कोठी केली आणि कोठीला झाकणही केलं. "शिपाई सहा सहा महिने घर सोडून जाते. खाईन काय, समुद्र?" शिडांसाठी काकीजींच्या पेटीतला कोशाचा जुना रेशमी शालू गेला. काकीजी आठ दिवस फुगून होत्या. नवव्या दिवशी मी गेलो तर त्याच शिडांना दोरा भरत बसलेल्या! मला पाहून म्हणाल्या, "ह्यायच्या हातचा टाका पाह्यला का तुमी? वाऱ्यानं नाई, नुसत्या लाजेनं फाटन ते."

गावातल्या लोकांनी हे सगळं शांतपणे घेतलं. कुणी धान विकायला जाताना थांबे, कुणी जंगलातून लाकूडफाटा घेऊन येताना थांबे, जहाजाभोवती एक चक्कर मारी आणि काकाजींना "बरं चाल्लं" म्हणून निघून जाई. माणसानं म्हातारपणी काहीतरी करायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. काकाजींना मात्र ते पुरत नव्हतं. समुद्र पाहिलेल्या एखाद्या माणसानं आपलं जहाज पाहावं, असं त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. आणि जहाजाला शेवटचा हात फिरत होता तेव्हाच नेमका असा माणूस बदली होऊन आला. जंगलखात्यातला नवा साहेब, थेट कोकणातला, वय असेल पंचविशीचं. राज्य एक झाल्याचा हा परिणाम. रत्नागिरीकडचा पोरगा आमच्या जंगलात येऊन पडला होता. एकटाच राहायचा. भाताचा प्रदेश म्हणून खूश होऊन आला होता, पण मासे मनासारखे मिळत नाहीत म्हणून हळूहळू सुकत चालला होता.

काकाजींनी त्याला चहाला बोलावलं. मलाही मुद्दाम निरोप धाडला. त्या दिवशी त्यांनी धुवट धोतर नेसलं होतं, आणि ते गप्प होते. ते गप्प बसलेले मी तोवर पाहिले नव्हते. साहेब आला, जहाजासमोर उभा राहिला. वाकून सुकाणू पाहिलं, डोलकाठीला बोट लावलं. मग म्हणाला, "काका, समुद्र न बघता केलंत हे? कमाल आहे हो तुमची." काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच आजवर शंका घेत होतो. तेवढ्यात तो अगदी भीत भीत म्हणाला, "फक्त एक गोष्ट. निशाण उलटं फडकतंय."

काकाजींनी डोलकाठीवर पातळ पत्र्याचं भगवं निशाण बसवलं होतं. त्याचं टोक जहाजाच्या मागच्या बाजूला होतं.

"उलटं? उलटं काऊन? बैल पळाले तं आपला दुपट्टा मागंच उडते ना?"

"बैलगाडी वाऱ्याला कापत जाते, काका. गलबताला मागून वाराच ढकलतो. शिडं पुढं फुगलीत, म्हणजे वारा मागून. मग निशाणही पुढंच जाणार."

काकाजी उठले, आत गेले, आणि पाहुण्याचा चहा पाहुण्याला एकट्याला घ्यावा लागला. मी त्याला पोचवायला निघालो तेव्हा तो बिचारा वाटेत म्हणाला, "मी उगाच बोललो हो. घरी असतो तर आई म्हणाली असती, तुला जीभ आवरत नाही."

तीन दिवस काकाजी जहाजाकडे फिरकले नाहीत. काकीजींनी रोज निरनिराळी भाजी करून पाहिली. चौथ्या दिवशी रविवार होता, म्हणून मी पुन्हा गेलो होतो. सकाळी ते मला म्हणाले, "चाला, तलावावर." तिथं मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी एक म्हातारा आपला डोंगा, म्हणजे एकाच खोडाची कोरलेली होडी, काठाला लावून जाळं झटकत होता. काकाजी डोंग्यात चढले, मलाही चढवलं, म्हाताऱ्याला मधोमध न्यायला सांगितलं. मग दोन बांबू उभे केले, कमरेचं धोतर सोडलं आणि त्या बांबूंना ताणून बांधलं. तिसऱ्या काठीला दुपट्टा लावला. अंगावर फक्त लंगोट.

"मामा, कायले करून राह्यला हे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तू वल्हं वर घे अन् गप बस."

घाटावर धुणं धुणाऱ्या बायका धुणं विसरल्या होत्या. त्यांच्यात डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून काकीजी उभ्या होत्या आणि ओरडत होत्या, "सारं गाव पाहून राह्यलं नं! या घरी!" इतक्यात वारा आला. धोतर फुगलं, डोंगा आपणहून सरकला, आणि दुपट्टा सरळ पुढं, काकाजींच्या नाकासमोर, फडफडू लागला. काकाजी त्याच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, माणूस आता खचला. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "खरं बोलला हो पोट्टा," ते म्हणाले. "समुद्रावरचं खरं बोलला." आणि घरी जाऊन, दम न खाता, त्यांनी निशाण फिरवलं. मग स्वतः साहेबाच्या बिऱ्हाडी गेले आणि त्याला जेवायला घेऊन आले. त्यानंतर तो पोरगा जवळपास रोजच त्या घरी जेवू लागला. काकीजींनी ढिवरांकडून मासे आणायला सुरुवात केली आणि तो सांगेल तसं त्यांचं कालवण करायला शिकल्या.

जहाज पाण्यात सोडायचा दिवस काकाजींनी पंचांग पाहून काढला. नारळ फोडला. सगळा गाव काठावर. साहेबानं आणि मी दोन बाजूंनी उचलून ते पाण्यावर ठेवलं, हात सोडले, आणि दोन वर्षांचं ते काम शांतपणे एका कुशीवर आडवं झालं. कोशाची शिडं पाण्यावर पसरली. कुणी हसलं नाही, हे मी त्या गावाबद्दल मुद्दाम सांगतो. काकाजी गुडघाभर पाण्यात तसेच उभे होते. त्यांचे हात नुसतेच पुढं झालेले होते. तेव्हा ढिवराचा म्हातारा पुढं आला, जहाजाला खालून हात घातला, तोललं आणि म्हणाला, "मामा, लाकूड चांगलं हाये. पोट रिकामं हाये याचं. उपाशी कोण उभा राहीन?"

काकीजी घरी गेल्या आणि सूप भरून धान घेऊन आल्या. काकाजींनी स्वतःच्या हातांनी पोटातली कोठी भरली, झाकण लावलं, शिडं पिळून सरळ केली. या वेळी जहाज सरळ उभं राहिलं. जरा थरथरलं, मग वाऱ्याचा अंदाज घेतल्यासारखं वळलं आणि चालू लागलं. सगळा तलाव ओलांडून पलीकडच्या काठाला जाऊन लागलं तेव्हा काकाजी मुलासारखे पाणी उडवत तिकडं धावले. मी साहेबाकडे पाहिलं. तो काठावरच्या दगडावर बसून रुमालात तोंड लपवून रडत होता. बदली होऊन आल्यापासून त्यानं घर पाहिलं नव्हतं.

पुढच्या सालात त्याची बदली त्याच्या मुलखात झाली. काकाजींनी आदल्या संध्याकाळी सांगितलं, "जहाज तुमी घेऊन जा." तो नको नको म्हणत होता. मग म्हणाला, "मग तुम्हीपण चला, काका. माझ्या घरासमोरच समुद्र आहे. पंधरा दिवस राहा." मी पाहत होतो, काकाजींचे डोळे एकदम लखलखले. पण काकीजींचे गुडघे त्या साली इतके धरले होते की त्यांना ओसरीची पायरी उतरवत नव्हती. काकीजी म्हणाल्या, "जा ना. मी राहीन. शेजारीपाजारी हायेत." काकाजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "जहाजबी जाईन अन् मीबी जाईन, तं घरी काय राहीन?" त्यावर पुन्हा बोलणं निघालं नाही.

जहाज पोत्यात गुंडाळून स्टेशनवर नेलं. गाडी दोन मिनिटं थांबायची. काकाजींनी डब्यात चढून ते नीट बसवलं, साहेबाला शिडं कशी उतरवायची ते दोनदा सांगितलं. खाली उतरल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचल्यावर एक कार्ड टाका. जहाजाचं नाई, तुमचं. आईले भेटले का नाई, ते लिहा." गाडी गेली. घरी येईस्तोवर काकाजींनी एकाही दारावर टकटक केली नाही.

कार्ड महिन्याभरानं आलं. आम्ही नवराबायको तेव्हा तिथंच होतो. मी ते मोठ्यानं वाचलं. आई भेटली, तब्येत चांगली आहे. जहाज माजघरात, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं आहे. शेजारपाजारचे खलाशी येऊन पाहून गेले. पण समुद्रात सोडायचा अजून धीर होत नाही, काका, लाटा फार मोठ्या आहेत. रागावू नका.

मी चाचरतच थांबलो. मला वाटलं, काकाजी नक्की नाराज होणार. ते ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. अगदी हळू म्हणाले, "बरं केलं. नव्या घरी आलेल्या पोरीले पहिल्याच दिवशी विहिरीवर पाठवत नाई."

माझी बायको शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात सुपात थांबला. आमच्या लग्नानंतर गोंदियाच्या बिऱ्हाडात पाऊल टाकल्याच्या पहिल्या सकाळी, अनोळखी आळीत, तिला घागर देऊन विहिरीवर मीच पाठवलं होतं. आणि हे तिनं कधी त्यांना सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मी कार्डाच्या कोऱ्या जागेकडे, अजून काही वाचायचं राहिलं असल्यासारखा, बराच वेळ पाहत बसलो.