कुंकवानं झाकायची खूण

नातीनं परवा मोबाइलवर अमेरिकेतल्या एका जुन्या चित्रकाराची चित्रं दाखवली. काळा माणूस, गुलामीत जन्मलेला, कोणी न शिकवता पैसेवाल्या गोऱ्यांचे चेहरे रंगवायचा म्हणे. सगळे कसे ताठ, नजर सरळ आपल्यावर, अन् हाताची बोटं माझ्या चित्रांतल्यासारखीच बिघडलेली. मीही आपल्या मनानंच शिकले. दिग्रसकडच्या खेड्यांतले लोक मेलेल्या माणसाचा फोटो आणून देतात, तेरवीला हार घालायला मी त्याचा मोठा चेहरा रंगवून देते. मनात आलं, या बाप्याला कोणी म्हटलं असंल का, एवढं झाकून टाक म्हणून?

मले म्हटलं होतं. एक तरणा माणूस बायकोचा फोटो घेऊन आला. विहिरीत पाय घसरून पडली, असं त्यानं सांगितलं. फोटोत तिच्या कपाळावर मधोमध टाक्यांची खूण होती.

"कुंकू मोठं काढजा, मावशी. सवाशीण गेली."

सवाशीण गेली की आमच्याकडं कपाळ भरूनच कुंकू लावतात, त्यात काही वावगं नाही. चेहरा झाला, कुंकू तेवढं राहिलं, तेव्हा तिची आई आली. चित्रासमोर बसली अन् त्या खुणेवरून बोट फिरवत राहिली. तिनं सांगितलं, मागं नवऱ्यानं बैलगाडीच्या उभारीनं, कडेच्या उभ्या दांड्यानं, पोरीचं कपाळ फोडलं होतं; ठाण्यात कोणी ऐकलं नाही, अन् विहिरीत ती घसरली नाही, त्यानंच टाकली, हेही नाही.

"झाकू नको, बाई," उठताना एवढंच म्हणाली.

मी खुणेच्या खाली लहानसं कुंकू काढलं.

तेरवीला चित्र घेऊन मीच गेले. पंगत बसली होती. नवऱ्यानं चित्र पाहिलं, अंगणातल्या गाडीची उभारी उपसली अन् माझ्या हातातल्या चित्रावर घातली. काच फुटून माझ्या तोंडावर उडाली. दुसरा घाव माझ्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मले ऐकू आला. पोरीची आई आडवी आली तर तिच्या खांद्यावर, मग पाठीवर. ती पडली तरी तो थांबला नाही.

पडल्या पडल्या ती पंगतीला म्हणाली, "पाहा. अशीच मारली माह्या पोरीले."

त्याचा स्वतःचा बाप पत्रावळीवरून उठला, उष्ट्या हातानंच त्याची मान धरली, अन् उभारी हिसकून घेतली.

या खेपेला ठाण्यात अख्खी पंगत आली. बयानावर सही करायला माझा उजवा हात उचलेना. डाव्याचा अंगठा दिला.