बोळातली परीक्षा

आमची शाळा मारुतीच्या देवळामागं भरायची. देशमुखांच्या पोराला बसायला सतरंजी, बाकीच्यांना जमीन, आणि मला कोपरा. कोपरा कुणी नेमून दिला नव्हता, पण माझ्या अंगाला आंबलेल्या खळीचा वास यायचा, त्यामुळं शेजारी कुणी टिकत नसे. मीही मग स्वतःहूनच तिकडं जाऊन बसायला लागलो. रोज उठून कोण अपमान करून घेणार?

आम्ही मूळचे तेलंगणातले साळी. पोटामागं फिरत फिरत वडवणीच्या बाजूला येऊन राहिलो. गावात तेलुगू बोलणारं घर आमचं एकटंच. गावाची मराठी, सरकारची उर्दू, आणि आमची भाषा चुलीपुढं. आई-वडलांना तेवढीच यायची. पोरं मला 'तेलंग्या' म्हणायची. मोगलाईतच जन्मलो, मोगलाईतच वाढलो, तरी परका तो परकाच!

पण एक गंमत सांगतो. उर्दूत सगळ्या शाळेत मीच पुढं होतो. देशमुखांच्या पोराला शिकवायला मौलवी वाड्यावर यायचे, दप्तर उचलायला गडी होता, तरी त्याची जीभ उर्दूला अडखळायची, कारण तो मराठीत सुखी होता. मला दोन्ही भाषा सारख्याच परक्या, मग एकीला भ्यायचं आणि दुसरीला नाही, असं कावून करायचं? घरी मात्र हे कुणाला दाखवावं? पुस्तक उलटं धरलंय का सुलटं, एवढंसुद्धा नायनांना, म्हणजे माझ्या वडलांना, सांगता आलं नसतं.

चौथीच्या वर्षी मास्तर म्हणाले, "शाळा तपासायला उद्या साहेब येणार हायत. त्यांनी शब्द टाकला तर बीडच्या शाळेत तुला जागा मिळंल, वजीफाबी मिळंल. सकाळी लवकर ये." वजीफा म्हणजे सरकारनं दिलेला शिकण्याचा खर्च. बीडला जायचं, या एका गोष्टीनं मला झोप लागेना.

आणि नेमकं त्याच सकाळी ऊन पडलं.

ऊन पडलं तर पोरगं खूश व्हायला पाहिजे. पण आमच्या धंद्यात सूत मागावर चढवण्याआधी ताणा, म्हणजे सगळे उभे धागे, बोळात लांबच्या लांब पसरून त्याला ज्वारीच्या पिठाची खळ लावावी लागते. दोन्ही बाजूंनी दोन माणसं समोरासमोर कुंचा फिरवत चालत राहतात. खळ वाळेपर्यंत थांबायचं नाही. थांबलं की धागे एकमेकांना चिकटले, मेहनत मातीत. कितीतरी दिवस आभाळ होतं, ताणा खोळंबला होता. नायनांनी आभाळाकडं बघितलं आणि माझ्या हातात कुंचा दिला. आई काखेत तान्हं घेऊन खळ आणून द्यायची, त्यामुळं दुसऱ्या बाजूला चालायला मीच.

रडत रडत कुंचा फिरवत होतो. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी बैलगाडी येऊन थांबली. मोठ्या वाटेला चिखल, म्हणून गाडीवानानं गाडी इकडून घातली होती. "ए तेलंग्या, उचल बे तुजं सूत!" तो ओरडला. ओला ताणा उचलतात होय? नायनांना शब्द कळले नाहीत, आणि त्यांचा हातही थांबला नाही. गाडीतून शेरवानीतले साहेब उतरले, मागून मास्तर धावत आले. मला बघून त्यांचा चेहराच पडला. म्हणाले, "साहेब, मी सांगितलेला पोरगा ह्योच."

साहेब हसले. म्हणाले, परीक्षा इथंच होऊ दे. आणि माझ्या बाजूनं चालायलाच लागले! मी कुंचा फिरवतोय, ते हिशेब घालतायत, मुलखातल्या नद्या विचारतायत, मी उत्तरं देतोय. ताण्याच्या टोकाला पोचलो की दोघंही वळायचो. शेवटी त्यांनी माझ्या खळीनं बरबटलेल्या खांद्यावर हात ठेवला. "इसे बीड भेजो. वजीफा मैं दिलाऊँगा. अपने वालिद से पूछो."

नायनांनी विचारलं, "एमंटुन्नाडु?" काय म्हणतोय? मी तेलुगूत सांगितलं. चालता चालताच ते म्हणाले, "सांग, तुमचे लई उपकार झाले. पण ताण्याला दोन माणसं लागतात. पोरगं देणं जमायचं न्हाई."

ते उर्दूत मीच सांगायचं होतं. दुसरं होतंच कोण? मी सांगितलं. अदबीनं, एकही चूक न करता, आयुष्यात बोललो नव्हतो इतक्या चांगल्या उर्दूत. साहेब म्हणाले, "माशाल्ला, जबान कितनी साफ है!" मग गाडी मागं वळवून निघून गेले. मास्तर काहीतरी बोलायला पुढं झाले, पण नायनांशी बोलायला त्यांना पुन्हा मीच लागणार होतो. तेही गाडीमागं निघून गेले.

पुढं देशमुखांचं पोर बीडला गेलं. खोटं कशाला बोलू, मला लई राग आला होता. त्याचा नाही, कुणाचा ते अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "साहेबाला काय सांगितलंस?"

"नायना म्हणाले तेच."

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

तिनं कपाळाला हात लावला. "वेड्या, बाप हो म्हणाला असं सांगायचं होतंस! आम्हाला दोघांना काय कळणार होतं? आणि एवढ्या मोठ्या माणसापुढं एकदा हो गेल्यावर हे मागं फिरले असते होय?"

खरं सांगतो, तोपर्यंत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नायना शेजारीच जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "नसतो फिरलो."