हळदीच्या बोकडांना मासळी कुणी घातली

माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या सख्ख्या भावाने, सहा बोकडांना सुक्या मासळीचा चुरा चारून मला फसवलं आणि त्याचा आळ डोंगरातल्या एका बाईवर जाऊ दिला. हे आधीच सांगून टाकतो. कारण त्या दिवसांबद्दल बोलायला लागलो की माझं मन रमतं आणि मूळ गोष्ट राहून जाते.

मी बेटेगावचा. बापाकडे जमीन नव्हती, मला शाळा नव्हती. बोईसरला कारखाने उभे राहायला लागले, परमुलखातले कामगार आले, मटणाची दुकानं वाढली, तेव्हा मी डोंगरातल्या पाड्यांवरून बोकड विकत घेऊन त्या दुकानांना द्यायला लागलो. पायी जायचं, पायी यायचं. दावणीला चार बोकड आणि डोक्यात त्यांचा भाव. बोकडाच्या कण्यावरून हात फिरवला की आत मांस किती ते मला कळायचं. सौदा करताना माझा आवाज चढायचा. अजून चढतो.

पण मांस किती हे कळणं वेगळं आणि मांस कसं हे कळणं वेगळं. ते मला त्या बाईने शिकवलं.

ती विधवा होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. पहिल्यांदा तिच्या अंगणात गेलो तेव्हा एका बोकडावरून दुपारभर घासाघीस केली. ती सूप पाखडत बसलेली, मान वर करीना.

"तुला हाडां पायजे तर खालती बाजारात घे," ती म्हणाली. "यानी आपटा खाल्लाय, बोर खाल्लाय. याला भाव हाय तोच हाय."

मी चिडून निघालो. ओढ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. तिने सांगितली त्याच किमतीला बोकड घेतला. सौद्यात हरलो असा तो एकच दिवस. ती मला अरेतुरे करायची. डोंगरात सगळ्यांनाच करतात, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

त्या बोकडाचं मटण घरी शिजलं आणि बायको पातेल्यावरचं झाकण हातात धरून उभीच राहिली. "हे कुठून आणलंत?" म्हणाली. वास असा की मसाला कमी पडला तरी चाललं असतं.

मग मी त्या बाईला आठ शेळ्या निम्म्या वाट्याने पाळायला दिल्या. पिल्लं निम्मी तिची, निम्मी माझी. पुढची दहा-बारा वर्षं मी तिच्याकडून जे ऐकलं ते गुरांच्या कुठल्या डॉक्टरनेही सांगितलं नसतं. पावसात ओलं गवत खाल्लेला बोकड कापला तर मटण पातेल्यात पाणी सोडतं आणि चवीला पचपचीत लागतं, म्हणून ती श्रावणात बोकड द्यायची नाही. पाऊस सरला की शेळ्या करवंदीच्या जाळ्यांत, बोरीखाली, आपट्याखाली मागच्या पायांवर उभ्या राहून पाला ओरबाडायच्या. चढ-उतार करून त्यांच्या मांड्या घट्ट व्हायच्या. थंडीत वालाचा भुसा. होळीच्या सुमाराला मोहाची फुलं पडायला लागली की पहाटे शेळ्या तिच्याआधी झाडाखाली हजर. मोह खाल्लेल्या बोकडाची चरबी पांढरीशुभ्र आणि टणक, आणि मटणाला मागे हलकी गोडी. बोकड ताब्यात देताना ती दरवेळी त्याने काय खाल्लं ते सांगायची, जशी आई मुलगी सासरी पाठवताना तिच्या सवयी सांगते.

उलट कारखान्यांच्या वस्तीत काही लोक शिळा पाव आणि उरलासुरला भात घालून बोकड पाळायचे. पोट टम्म, अंगाला चढउताराची सवय नाही. त्यांची चरबी बोटांना चिकटायची आणि मटण हातात लिबलिबायचं. कामगार अडाणी नव्हते. दुकानात येऊन विचारायचे, "सेठ, वो जंगलवाला बकरा आया क्या?" जंगलवाला म्हणजे तिचा. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "बकरा जंगलवाला, मंग मी कोन?"

ऐंशीच्या दशकात मेहुण्याच्या शेजारी, तारापूरच्या बाजूला, एका वाडीवाल्याच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडे हळदीच्या जेवणात मटण लागतं आणि लग्नापेक्षा त्याचीच चर्चा जास्त होते. मुलीच्या बापाने माझा हात धरला. "भाऊ, तुमचे डोंगरातले बोकड पाहिजेत. माझी लाज तुमच्या हातात." मी सगळ्यांसमोर शब्द दिला.

होळीनंतर बाईने सहा बोकड दिले, मोह खाऊन तुकतुकीत झालेले. हळद वैशाखात होती. मेहुणा म्हणाला, "भावोजी, तोपर्यंत माझ्या वाडीत राहू द्या. लग्नघर शेजारीच आहे. पाला मी घालतो." घरचाच माणूस. मी ठेवले. दोनदा जाऊन पाहून आलो, बोकड भरत चाललेले. कौतुक केलं त्याचं.

हळदीच्या दिवशी दिवेलागणीला पहिली पंगत बसली. रस्सा वाढला आणि कुजबूज सुरू झाली. मी वाढप्यांमागे उभा होतो. एका म्हाताऱ्याने वाटी नाकाशी नेली.

"बोकड हाय का बोंबील?"

दुसरा म्हणाला, "शेटचे बोकड दर्यात चरायला जातात, तुला नाय माहीत?"

पंगत हसली. मी एक फोड तोंडात टाकली. मांस मऊ होतं, पण चरबीला सुक्या मासळीचा वास. मसाल्याखालून वर येणारा, लपवता न येणारा. मासे खाणारीच माणसं ती, पण मटणात मासळी कुणाला चालते? अर्धी पंगत नुसता वरणभात खाऊन उठली.  मुलीचा बाप मान खाली घालून माझ्यासमोरून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी मेहुण्याला कोपऱ्यात घेतलं. तो माझ्याहून जास्त गोंधळल्यासारखा दिसत होता. मग हळूच म्हणाला, "भावोजी, ती तुमची बाई दर बाजाराला सुकट टोपलीभर नेते. पाहिलं नाही का तुम्ही?"

पाहिलं होतं. मागच्याच बाजारात तिच्या डोक्यावर सुकटीची टोपली मीच पाहिली होती. डोक्यात तिडीक गेली ती तिथेच.

पुढच्या आठवडी बाजारात, बोईसरला, भर गर्दीत मी तिला गाठलं. काय काय बोललो ते लिहवत नाही. चोर म्हणालो. मासळी चारून बोकड फुगवते म्हणालो. आजूबाजूला तिच्या पाड्यावरची माणसं, तिच्याकडून कोंबड्या घेणाऱ्या बायका, सगळे ऐकत होते.

ती एवढंच म्हणाली, "सुकट आमी खातो, शेट. पावसाची चार महिनं बाजार गाठत नाय, तवा हीच पुरते. मी पोरांच्या तोंडची काढून बकऱ्याला घालीन?"

यावर कुठल्याही शहाण्या माणसाने थांबून विचार केला असता. स्वतःला बाजारातला सर्वांत हुशार समजणारा मी थांबलो नाही. त्याच आठवड्यात माझ्या वाट्याच्या शेळ्या खाली आणल्या. त्या बाजारानंतर कुणी तिच्याशी निम्म्या वाट्याचा सौदा केला नाही. माझा शब्द चालायचा ना तेव्हा.

शेळ्या माझ्या अंगणात कोंडा आणि कापलेलं गवत खाऊन सुस्तावल्या. 'जंगलवाला बकरा' दुकानातून गेला. बायको पातेल्यावरचं झाकण उचलायची आणि लगेच परत ठेवायची.

काही वर्षांनी, नव्वदच्या पुढे, एका सकाळी मी मेहुण्याकडे बोकड बघायला गेलो. तो घरी नव्हता. त्याची बायको घमेल्यात कोंडा आणि गूळ कालवत होती. बाजूच्या पोत्यातून तिने ओंजळभर काहीतरी काढून त्यात मिसळलं. वास आला, हळदीच्या रश्श्यातला तोच.

"वहिनी, हे काय?"

"कोंबड्यांच्या खाद्यातला मासळीचा चुरा, भावोजी," ती कौतुकाने म्हणाली. "वजन भराभर चढतं. त्या हळदीच्या बोकडांना पहिल्यांदा घातला होता ह्यांनी. आता कापायच्या आधी महिनाभर बंद करतो, म्हणजे वास राहत नाही. तेव्हा कुठे माहीत होतं आम्हाला!"

तिला बिचारीला वाटत होतं, मला सगळं ठाऊक आहे.

मेहुणा आला. मी काय ओरडलो ते अख्ख्या वाडीने ऐकलं. तो खाटेवर बसून चपला काढत म्हणाला, "भावोजी, जुनं कशाला उकरता? तुमचे बोकड भरलेले दिसावेत म्हणूनच केलं ना मी? आणि बाईला चोर मी नाही म्हणालो. तुम्ही म्हणालात."

हे वाक्य मला अजून झोंबतं, कारण ते खरं आहे.

दुसऱ्या दिवशी डोंगर चढलो. ती अंगणातच होती, केस पिकलेले, दोन शेळ्या खुंटाला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "वरडलास बाजारात, आन सांगाया आलास घरात?"

मी मान खाली घालून उतरलो. पुढच्या बाजाराला त्याच जागी उभा राहिलो आणि जेवढ्या आवाजात तिला चोर म्हणालो होतो तेवढ्याच आवाजात सांगितलं की चूक माझी होती, तिचे बोकड मोहावरचे होते. लोक जमले. कुणीतरी विचारलं, "मग मासळी घातली कुणी, शेट?"

मेहुणा समोर मिरच्यांच्या ढिगाजवळ होता. मी त्याच्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. तो वाकून मिरच्या निवडत राहिला. मी नाव घेतलं नाही, ते त्याने स्वतः घ्यावं म्हणून. मिरच्यांची पिशवी भरून तो गेला.

बाई गेल्या खेपेला भेटली तेव्हा म्हणाली, "तुझा आयकला. दुसऱ्याचा र्‍हायला." मेहुण्याच्या तोंडून ऐकायची तिला अजून आशा आहे.

म्हणून हे लिहिलं. मेहुण्या, तुला वाचता येतं, मला उशिरा आलं. बाजार अजून भरतो, ती अजून कोंबड्या घेऊन तिथे बसते. तिच्यासमोर उभा राहा आणि लोकांनी विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर दे. मासळी कुणी घातली?