व्हर्ना टोलेफसनचं ओलं कुरण

नवरा गेल्यावरही अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका खोऱ्यात व्हर्ना टोलेफसनने गुरं राखली. घराखालच्या कुरणात झरे होते. जमीन बारा महिने ओली, आणि बर्फ वितळलं की क्रौंचांच्या जोड्या तिथे घरटी करायच्या.

शेजारची रानं बिल्डर घेत सुटले, तेव्हा तिने जमीन राखणाऱ्या एका संस्थेशी करार केला. जमीन तिचीच. तिने तिथे गुरं चारावीत, वाटल्यास जमीन विकावीही. पण मालक कुणीही होवो, तिथे घर बांधायचं नाही, कुरण नांगरायचं नाही, कायमचं.

मुलगा ऑरिन पोटतिडकीने भांडला.

"आई, पक्ष्यांसाठी तू माझे हात बांधलेस."

"तुझ्या बापाची जमीन आहे ती. तिचे तुकडे मी होऊ देणार नाही."

"मग क्रौंचांनाच सांग म्हातारपणी बघायला."

तो दूर स्पोकेन शहरात राहायला गेला. पुढे फक्त नाताळला फोन करायचा, तोही तुटक.

मग शेजारचा लाइल वारला आणि त्याच्या पोरांनी रान विकून टाकलं. तिथे टुमदार घरं झाली. प्रत्येक घराची वेगळी विहीर, प्रत्येकापुढे हिरवंगार लॉन. एक-एक करत व्हर्नाचे झरे आटले. कुरणाला भेगा पडल्या. वसंतात क्रौंच आले, कोरड्या मातीत चोची मारत हिंडले आणि निघून गेले.

वर्षाची पाहणी करायला संस्थेचा कर्टिस आला. कुंपणाच्या कडेने फिरून आल्यावर म्हणाला, "करार कुठेही मोडलेला नाही, व्हर्नाबाई."

"कुरण मेलंय, कर्टिस."

"पाणी तुमच्या हद्दीबाहेरून ओढतायत. ते आपल्या करारात येत नाही." त्याला तिच्याकडे बघवेना.

"मग मी राखलं काय?"

त्याने पाहणीचा कागद घडी करून खिशात ठेवला. व्हर्नानेच त्याच्या कपात कॉफी ओतली.

गवत उगवेना, तशी तिने गुरं विकली. ट्रक गेल्यावर तिने आपणहून ऑरिनला फोन लावला आणि सगळं सांगितलं. "मी सांगितलं होतं" असं तो म्हणेल, म्हणून ती थांबून राहिली. तो एवढंच म्हणाला, "ये इकडे राहायला."

"आणि इथे?"

"तिथे आता काय आहे, आई?"

पुढच्या वसंतात फक्त एक जोडी आली. ती नव्या वस्तीतल्या शोभेच्या तळ्याकाठी उतरली, आणि तिथली माणसं तिला पाव टाकत होती. व्हर्ना अजून ऑरिनकडे गेली नव्हती; ती कुंपणापाशी उभी राहून बघत राहिली. ओरडून सांगावंसं वाटलं, पाव घालू नका त्यांना. पण तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं.