आजोबांचा होकार

बाळांनो, भरे गावच्या माळावरची आपली जमीन गेली. तुमच्या चुलतकाकाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते.

भानावर असताना तुमचे आजोबा ती विकायला साफ नकार देत. आता वर्षभर ते कशालाही ‘व्हय’ म्हणतात. चहा हवा? व्हय. चहा झाला? व्हय. आयुष्यभर शाळेत शुद्ध मराठीत शिकवलं, ती मराठी गळून गेली आणि लहानपणीचा एवढा एक शब्द उरला.

दिवाळीनंतर चुलतकाका पेढे घेऊन आला. आजोबांच्या कानाशी वाकला.

“काका, माळ देऊन टाकू ना बंगल्यांसाठी?”

“व्हय.”

“ऐकलं ना, काकी?”

“अरे, ‘ठेवायची ना’ असं विचार. तरी व्हयच म्हणतील.”

“मग कशाला विचारू?” तो हसला.

“ज्या शब्दामागे मन नाही, तो होकार कसा?”

“तुमचं इंग्रजी शिक्षान लई, काकी. देवाला कौल लावतो, तवा दगडाला मन असतंया व्हय? फूल उजवीकडं पडलं की समदं गाव मानतं.”

 याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी भांडी लावताना सुचलं. देवळात दगडाच्या दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवतात. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर माणसं मुकाट घरी जातात. डावं पडू शकतं, म्हणून उजव्याला अर्थ. तुमच्या आजोबांपाशी डावं फूल उरलंच नव्हतं. हे मी तुमच्या वडिलांना फोनवर समजावलं. ते म्हणाले, “आई, तिथे राहणार तरी कोण आहे?”

विक्रीच्या नोंदणीच्या वेळी कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, “आजोबा, राजीखुशीनं देताय ना?”

“व्हय.”

मी उठून हरकत घेतली.

“जमीन तुमच्या नावावर आहे का, बाई?”

“नाही.”

“मग बसा.”

सही मात्र त्यांनी पूर्वीसारखीच वळणदार केली. हाताला ती आठवत होती. सगळ्यांनी कौतुक केलं.

परतताना पिरंगुटच्या गर्दीत गाडी अडकली. चुलतकाका चालवत होता, आम्ही दोघं मागे. मी मोठ्याने विचारलं, “अहो, जमीन परत घ्यायची का?”

“व्हय!” ते उत्साहाने म्हणाले.

“ऐकलंस?” मी पुढे वाकून म्हटलं.

चुलतकाकाने एसी वाढवला.