भुऱ्याचा शनिवार

अन्याय भुऱ्यावर झाला. गेल्या माघातल्या चारही शनिवारी, भर दुपारी, कल्याणजवळच्या मोहने गावातल्या आमच्या चाळीतल्या नळापाशी. आणि तो करणाऱ्यांत मीही होते. आठवणीत आधी येतो तो त्याच्या तोंडाचा वास: उन्हात विसरलेल्या ओल्या सुकटीसारखा उग्र, तरी इतका परिचित, की भुऱ्या कोपऱ्यावरून वळण्याआधी तोच आमच्या दारी पोहोचायचा. सुकट खाणाऱ्याच्या तोंडाला काय गुलाबाचा वास येणार, म्हणून आम्ही हसायचो. दुर्गंधीलाही माणूस किती चटकन स्वभाव समजतो!

भुऱ्या चाळीचा कुत्रा, म्हणजे कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा. एरवी कालवण-भात चाटूनपुसून खाणारा हा प्राणी शनिवारी भाकरीला तोंड लावेना. मान तिरकी करून तुकडा एका बाजूच्या दाढांखाली धरायचा आणि टाकून द्यायचा. झालं! पहिल्या खोलीतल्या सुमनकाकूंनी जाहीर केलं, कुत्रा मारुतीचा शनिवार पाळतो. तिसऱ्या शनिवारी त्याच्या कपाळी शेंदूर आला, चौथ्या शनिवारी शेजारच्या आळीतली माणसं दर्शनाला आली, आणि प्राण्यांसाठी पत्रकं वाटत हिंडणारी मी, मी त्याचा फोटो काढला. ‘मुक्या जिवांवर प्रेम करा’ हे मी किती कागदांवर छापलंय. त्यांचं तोंड उघडून बघा, हे एकाही कागदावर नव्हतं. कसलं प्रेम हे, जे ओठाशी येऊन थांबतं?

त्याच फोटोत, मोठा करून पाहताना, लाळेत रक्ताचा बारीक धागा दिसला. मग उजेड पडला. शनिवारी चाळीत मासळी शिजत नाही. म्हणून मऊ कालवण-भात नाही, सकाळची कडक भाकरी!

सोमवारी त्याला रिक्षात घालून कल्याणला नेलं. डॉक्टरांनी नुसता ओठ वर केला: दाढांवर कीटणाचा मातकट थर, हिरड्या जास्वंदीसारख्या लाल, आणि हाडं फोडून फोडून चिरलेली एक दाढ. भूल देऊन त्यांनी ती काढली, कीटण खरवडलं. मांजरं तर याहून मानी, म्हणाले, दुखणं लपवतात. घास तोंडातून निसटतो, लाळ गळते, अंग चाटणं सुटतं, आणि घरचे म्हणतात, नखरे करतेय.

परतल्यावर काकूंना सगळं सांगितलं. त्या पायरीवर बसल्या आणि पदरानं त्याचा शेंदूर पुसत राहिल्या.

“म्हणजे अगं, तो उपासाला नव्हता,” त्या म्हणाल्या. “उपाशी होता.”

इतके शेजारी राहणारे दोन शब्द, आणि मध्ये केवढी वेदना!

जखम भरल्यावरच्या शनिवारी काकूंनी वरणात भाकरी कुस्करली. भुऱ्यानं ताटली अशी चाटली, की ती खणखणत नळापर्यंत गेली आणि हा तिच्यामागे! अख्खी चाळ गॅलरीत येऊन हसली. नेमकं तेव्हाच दर्शनाला कुणी आलं, तर काकूंनी बेधडक सांगितलं, देव जेवतायत, नंतर या. आता त्या दिसेल त्या कुत्र्याचा ओठ उचलतात. स्वतःच्या मनीचा उचलताना मिळालेले तीन ओरखडेही मनगटावर मिरवतात.

भुऱ्या हल्ली वर्दी न देताच येतो. वास नाही, नुसतं ओलं नाक एकदम तळहातावर. दर वेळी दचकते मी, आणि दर वेळी हसते.

तुमच्या पायाशी आत्ता कुणी झोपलं असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा. हळूच त्याचा ओठ वर करा. वास घ्या. आणि नाक मुरडावंसं वाटलं तर हसू नका. उठा, डॉक्टरकडे न्या.